चौसष्ट पदार्थ आणि चार चुली

साधनामावशीचा फोन आला तेव्हा मी मेथीच्या जुड्या बांधत होते. अकोल्यापासून बारा किलोमीटरवर आमचा भाजीचा मळा आहे आणि संध्याकाळी जुड्या बांधायचं खातं माझं. मावशी मस्कतहून बोलते तेव्हा आधी आईशी बोलते, मग बाबांना चिडवते आणि पैसे संपत आले की मला विचारते, अभ्यास काय म्हणतो. त्या दिवशी तिनं सरळ मलाच मागितलं. आईनं फोन माझ्या हातात दिला, पण माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी परदेशात जाऊन काहीतरी फोडून आले.

मावशी अमरावतीला हॉटेलचा कोर्स करून आधी नांदगाव पेठेच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनात होती. चार वर्षांपूर्वी ती मस्कतला गेली आणि तेव्हापासून एका मोठ्या हॉटेलात सॅलड कापते. म्हणजे काकडी, टमाटर, कोबी, गाजर, पुन्हा काकडी. आता तिच्या मालकाला तिथं अमेरिकन पद्धतीचं डायनर काढायचं होतं. डायनर म्हणजे काय ते मलाही माहीत नव्हतं. अमेरिकेत हायवेला लागून असतं म्हणे, आपल्या ढाब्यासारखं. लाल गाद्यांची बाकडी, काउंटरपुढे उंच स्टुलं, सकाळचा नाश्ता रात्रीही मिळतो आणि कपातली कॉफी संपली की न मागता पुन्हा ओततात. मालक बाहेरून शेफ आणणार होता. मावशीनं धीर करून त्याला सांगितलं की किचन मी सांभाळते. तो म्हणाला, दहा दिवसांत मेनू लिहून आण आणि पुढच्याच्या पुढच्या शुक्रवारी माझ्या चाळीस पाहुण्यांना त्यातलं खाऊ घाल. जमलं तर किचन तुझं.

"अन नाई जमलं तं?" मी विचारलं.

"तं पुन्हा काकडी," मावशी म्हणाली.

तिची ड्युटी बारा तासांची. बसून लिहायला वेळ नाही. म्हणून लिहिणारी मी. मीच का, तर ऑगस्टमध्ये आमच्या शाळेच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन करणारी मुलगी तापानं आजारी पडली आणि मॅडमनी ऐनवेळी माईक माझ्या हातात दिला. त्याआधी मी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटून द्यायची. त्या दिवशी मी दीड तास इंग्रजीत बोलले, दोनदा चुकले आणि कोणीच मेलं नाही. तेव्हापासून माझं तोंड बंदच होत नाही असं आईचं म्हणणं आहे. मावशीनं तो व्हिडिओ तिथल्या सगळ्या बायांना दाखवला होता.

मी चार संध्याकाळी घालवल्या. खऱ्या डायनरच्या मेनूंचे फोटो शोधले, वहीत रकाने पाडले आणि लिहीत सुटले. पॅनकेक सात प्रकारचे. ऑम्लेट नऊ. बर्गर, सँडविच, सूप, तळलेलं चिकन, वॅफल आणि पाय, म्हणजे आत फळं भरून भट्टीत भाजलेली जाड पोळी. एकूण चौसष्ट. त्यात आईनं झुणका बर्गर घुसवला, तो मी खोडला, तिनं पुन्हा लिहिला. बाबांचे एक चुलतभाऊ वरूडला संत्र्याच्या बागेत आहेत, म्हणून बाबांना संत्र्याचं मिल्कशेक पाहिजेच होतं. मी करून पाहिलं. दूध फाटलं आणि बाबा त्या दिवशी लवकर झोपले.

चौसष्ट का, तर आमच्याकडे पदार्थ कमी पडणं हा गुन्हा आहे. माझ्या आत्याच्या लग्नात शेवटच्या पंगतीला जिलेबी संपली होती. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, पण मला ती गोष्ट तारखेसकट माहीत आहे. मस्कतच्या एकाही पाहुण्यानं उठताना असं म्हणू नये की तिथं काही नव्हतं बुवा.

मी यादीचे फोटो पाठवले. मावशीनं खूप वेळानं फोन केला. छान लिहिलंस म्हणाली, अक्षर तर फारच छान म्हणाली. मग बारीक आवाजात म्हणाली, "पण मी मरीन वं यात."

तिच्या हाताखाली दोनच बाया मिळणार होत्या, एक केरळची, एक श्रीलंकेची. मी त्यांचा विचारच केला नव्हता. सहा दिवस उरले होते. आधीची मी असती तर वही पलंगाखाली टाकून दिली असती. आत्ताची मी फक्त एक संध्याकाळ रडले.

दुसऱ्या दिवशी केशवआबा कोबी न्यायला आले. ते आमच्या भागातले आचारी. भंडारा असो, तेरवी असो, लग्न असो, सातशे माणसांचा स्वयंपाक ते कागदाशिवाय करतात. मोझरीच्या आश्रमातल्या उत्सवालासुद्धा त्यांना मदतीला बोलावतात. माझे सुजलेले डोळे पाहून त्यांनी आईला विचारलं आणि आई सांगायच्या आधी मीच सगळं सांगून टाकलं, डायनर, मालक, काकडी, सगळं. त्यांना पॅनकेक माहीत नव्हता, मी म्हटलं गोड धिरडं समजा. त्यांनी यादी काही वाचायला घेतली नाही.

"चुली कितीक हायेत तठी?" एवढंच विचारलं.

मला माहीत नव्हतं. चार दिवसांत मी सात प्रकारचे पॅनकेक शोधले, पण चुली किती हे विचारलं नव्हतं. लगेच मावशीला फोन लावला. ती म्हणाली, एक लांबलचक सपाट तवा आहे, एक तळणाचं मशीन, एक भट्टी आणि दोन तोंडांची शेगडी.

आबांनी काडी घेतली आणि झाडलेल्या अंगणात चार चौकोन आखले. तवा, तळण, भट्टी, शेगडी. आईकडून ओंजळभर तुरी मागून घेतल्या. मग म्हणाले, आता आपण सगळे गिऱ्हाईक, मागा. आईनं ऑम्लेट मागितलं, बाबांनी बर्गर, मी पॅनकेक आणि वर अंडं, आबांनी नाव वाचता येईना म्हणून यादीवर कुठंतरी बोट ठेवलं, ते निघालं चीज सँडविच. ज्या पदार्थाला जी चूल जितक्यांदा लागते तितके दाणे तिच्या चौकोनात. अशी दहा गिऱ्हाइकं झाली. तव्याच्या चौकोनात तुरीचा ढीग झाला, मी मोजले, सतरा. भट्टीत एक.

"तव्याचा जीव घेतं तू," आबा म्हणाले. "अन भट्टी बसली माशा मारत."

मला हसू आलं. चार दिवस कागदावर जे दिसलं नव्हतं ते मातीत पडलेलं दिसत होतं.

मग तीन संध्याकाळी आम्ही तुरी खेळलो. रोज शाळेतून आले की वही, तुरी आणि फोनवर मावशी. कसं करायचं ते ती सांगायची, कुठं गर्दी होते ते आबा. सँडविच तव्यावरून भट्टीत गेलं, एका वेळी बारा भाजून निघतात म्हणून. बटाटे सकाळीच उकडून ठेवायचे. सूप शेगडीवर मंद. सफरचंदाचा पाय पहाटे करून मोकळं व्हायचं. पॅनकेकचे सात प्रकार एकच झाले, वरून काय घालायचं ते गिऱ्हाइकानं ठरवायचं. नऊ ऑम्लेटांची दोन उरली आणि मला खरंच वाईट वाटलं, पालकाच्या ऑम्लेटचं मी फार सुंदर वर्णन लिहिलं होतं. झुणका बर्गर आईनं स्वतःच्या हातानं खोडला. मावशीनं तिला समजावलं की मालकाला अमेरिका पाहिजे, आपण त्याला अकोला देऊन चालणार नाही. संत्र्याचा ताजा रस मात्र राहिला, दुधाशिवाय. बाबांना तेवढं पुरलं.

शेवटच्या दिवशी आबांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पंगतीत भाजी कधी पहिली येत नाही. आधी मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर.

"पान अर्धं भरलं की माणूस चुलीकडं पाहत नाई," ते म्हणाले. "रिकाम्या पानापुढं बसलं तं दोन मिनटं बी घंटाभर वाटते."

डायनरमध्ये कोबीची एक कोशिंबीर असतेच, कोलस्लॉ म्हणतात. मी ती यादीतून काढून वहीच्या अगदी वर लिहिली, बसल्याबरोबर, न मागता, प्रत्येकाला, सोबत काकडीचं लोणचं आणि कॉफी. एकूण अठरा पदार्थ झाले. मावशीनं रात्रीत छापून घेतले.

शुक्रवारी माझी शाळा सकाळची होती. दुपारी मी, आई, बाबा फोनपुढे बसलो. मावशीनं तिकडे तिचा फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. आम्हाला दिसत होतं काय, तर धुराडं आणि मावशीचा उजवा कोपर. आई त्या कोपराकडे पाहून म्हणाली, वाळली पोरगी.

ठरलं असं होतं की पाहुणे दोघे, चौघे असे येतील. डायनरला माणसं तशीच येतात. पण नमाज संपली आणि चाळीसच्या चाळीस माणसं एकाच वेळी आत आली. आम्हाला खुर्च्यांचा आवाज ऐकू आला, बोलणं ऐकू आलं, मग केरळच्या बाईचा घाबरलेला आवाज. त्यानंतर मावशीचा कोपर थांबला. हलेचना. आम्ही बसल्यापासून तो पहिल्यांदा स्थिर दिसत होता.

आईनं माझा हात धरला. मला मागचे दहा दिवस दिसायला लागले, आणि काकडी.

"मावशी," मी फोनमध्ये तोंड घालून म्हटलं, "पंगत बसली. वाढ."

मग ती म्हणाली, "हो वं. पंगतच हाय." आणि दोघी बायांना इंग्रजीत सांगितलं की आधी सगळ्यांपुढे वाट्या ठेवा, सगळ्यांपुढे, ऑर्डर नंतर लिहा. कोपर सुटला. वाट्यांचा आवाज सुरू झाला, तव्यावर चर्र झालं, भट्टीचं दार आपटलं. मग कोणीतरी पिठाचा डबा उचलला आणि फोन पालथा पडला. त्यानंतर दोन तास आमच्याकडे फक्त काळा पडदा होता आणि आवाज. बाबांनी मधेच दोन जुड्या चुकीच्या बांधल्या, मेथीत पालक.

साडेपाचला मावशीचा फोन आला. तिचा आवाज बसला होता. सगळं काही नीट झालं नव्हतं. चार पॅनकेक करपले, एकाला सूप गार गेलं, मालकाचा भाऊ म्हणाला की बर्गरला मीठ कमी. पण कोणी मान वर करून किचनकडे पाहिलं नाही. मालकानं जाताना मेनूची घडी करून खिशात घातली आणि म्हणाला, यातले दोन पदार्थ कमी कर, सहा महिने किचन तुझं, मग पुढचं पाहू. मेनू कोणी लिहिला तेही विचारलं. मावशी म्हणाली, माझ्या घरानं.

मला काय झालं माहीत नाही, मी सायकल काढली. आबा देवळामागे उद्याच्या भंडाऱ्याच्या तयारीला बसले होते, पुढ्यात लसणाचं पोतं. आमच्याकडे कोणी कोणाला आभार वगैरे म्हणत नाही, म्हटलं तर समोरचा विचारतो, कावून, काय झालं. पण मी ठरवलंच होतं. मी त्यांच्यापुढे उभी राहिले आणि माईक हातात असल्यासारखं सगळं बोलले. की चुली मोजायला तुम्ही शिकवलं, की तुम्ही तीन संध्याकाळी आमच्या अंगणात घालवल्या, की मावशी मोठी झाली त्यात तुमचा वाटा आहे, की मी हे कधी विसरणार नाही. आबांनी सगळं ऐकलं. लसणाच्या चार पाकळ्या सोलून झाल्या.

"साधना जेवली का?" त्यांनी विचारलं.

मी ते विचारलंच नव्हतं.

"वाढणारा सगळ्याच्या मांगून जेवते," आबा म्हणाले, "अन त्याले कोणी इचारत नाई. इचार तिले."

मी तिथूनच व्हिडिओ फोन लावला. मावशी जेवली नव्हती. सकाळपासून अर्धं केळं आणि पाणी. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता बाहेर जाऊन बस, गिऱ्हाइकाच्या जागी, आणि फोन समोर ठेव. ती हसली, नको नको म्हणाली, भांडी पडलीत म्हणाली. मग मी फोन आबांकडे दिला आणि आबांनी फक्त तिच्याकडे पाहिलं. ती गेली.

लाल गादीच्या बाकड्यावर मावशी बसली, ॲप्रन तसाच, कपाळाला पीठ. श्रीलंकेच्या बाईनं आधी तिच्यापुढे कोशिंबिरीची वाटी ठेवली, न मागता. मग कॉफी ओतली. मग मेनू तिच्या हातात दिला. मावशीनं तो उघडला आणि बराच वेळ वाचत राहिली, जसा तिनं कधी पाहिलाच नव्हता. मी आबांच्या शेजारी बसून लसूण सोलायला घेतला आणि फोन पोत्याला टेकवून ठेवला, म्हणजे ती काय मागते ते आम्हाला दिसेल.