मातेच्या रथाची चाकोरी

धरणाचं पाणी उतरलं की आमच्याकडे बुडालेली गावं उन्हाळ्यापुरती वर येतात. त्या वैशाखात जुन्या गावाच्या गाळाभोवती दोनशे माणसं उभी होती आणि सगळ्यांच्या नजरा जमिनीवर होत्या. गाळात चाकांच्या दोन ओळी उमटल्या होत्या. चाक चार बोटं रुंद. ना ट्रॅक्टरचं, ना सायकलचं. ओळी एकाएकी सुरू होत, गोल फिरून बांधावर चढत, आणि तिथून पुढे आठ फूट काहीच नाही. मग पुन्हा सुरू. आसपास माणसाचं एक पाऊल नाही.

"रथ उडला! इथून उडला अन् तिथं टेकला!" गावातला बुवा ईश्वर महाराज ओरडत होता. "परवा गर्जना कोणी आयकली? निळा धूर कोणी पाहिला? गोड वास कोणाले आला?"

भराभर हात वर झाले. पुनर्वसनाचं नवं गाव वर टेकाडावर आहे. तिथून आवाज ऐकू आला होता, धूर दिसला होता. पडक्या भिंतींआड काय होतं ते मात्र दिसलं नव्हतं.

"मातामाय परत आली! या चाकोरीच्या मातीनं साखर उतरते, वात उतरते, कोर्टातली केस उतरते!"

केस कशी उतरते, हे कुणी विचारलं नाही. मी गर्दीच्या मागे मोटारसायकलवर बसून हसू दाबत होतो. कारण मातेचा रथ माझ्याच मागच्या सीटवर, पोत्यात बांधलेला होता.

मी धर्मेंद्र. वरठीला माझं दुचाकी दुरुस्तीचं दुकान आहे. नागपूरच्या एका गिऱ्हाइकानं रिमोटवर चालणारा त्याचा मॉन्स्टर ट्रक नवं इंजिन बसवायला माझ्याकडे दिला होता. हातभर लांबीचा, पण नुसतं खेळणं नव्हे. नायट्रो इंधनावर चालणारं खरं इंजिन, दोरी ओढून सुरू करायचं. असं इंजिन आधी हळू चालवून मुरवावं लागतं, मग रानात पळवायचं, मग ट्रॅकवर. आवाज कानठळ्या बसवणारा, म्हणून मी ओसाड जुन्या गावात गेलो होतो. जुन्या सिमेंट रस्त्यावर उभा राहून ट्रक गाळात सोडला, आणि आज तो पुन्हा पळवायला आलो होतो. सिमेंटवर माझी पावलं कुठून उमटणार?

त्या दिवशी मला एकटीनंच पाहिलं होतं. गुड्डी, नऊ वर्षांची, रस्त्याच्या कडेचे शिंपले वेचत होती.

"हे कोण चालवते जी, काका?"

मी रिमोट तिच्या हातात दिला. तिनं खटका दाबला, ट्रक बांधावरून उडाला आणि ती हसून हसून खालीच बसली. तिला धाप लागली होती.

"मले सिकलसेल आहे, रक्ताचा आजार," आपण कितव्या वर्गात आहोत हे सांगावं, तसं तिनं सांगितलं. "रोज गोळी खातो मी. ताप आला का आई लगेच दवाखान्यात नेते. तुमची गाडी नाही दमत?"

"तेल संपलं की दमते."

"माह्यासारखीच मंग."

आज तीच गुड्डी आईचा हात सोडून पुढे आली.

"रथ नाही हा! त्या काकाची गाडी आहे. मीनंच उडवली!" तिनं माझ्याकडे बोट केलं.

सगळी गर्दी वळली. तिची आई शकुनबाई माझ्याजवळ आली. "काहो भाऊ, खरं म्हणते का पोरगी?"

एवढंच विचारलं तिनं. पोतं माझ्या पाठीला टेकलेलं होतं. दुसऱ्याची महागडी वस्तू; चिडलेल्या लोकांनी ठेचली तर? आणि खरं सांगायचं तर, मला मजाही वाटत होती. मी म्हणालो, "नाही जी. मी तर गर्दी पाहून थांबलो."

गुड्डी रडली नाही. नुसती माझ्याकडे पाहत राहिली.

महाराजाला तेवढंच हवं होतं. "पोरीच्या अंगात बाहेरचं आहे! मातामायले खोटं पाडून राहिलं. एकवीस दिवस ही माती पाण्यातून द्या. दवाखान्याची गोळी बंद. गोळी अन् माती एका पोटात भांडतेत!"

मी ते ऐकलं. गाडीला किक मारली आणि निघून आलो.

दुकानात हा किस्सा मी रंगवून रंगवून सांगितला. लोक किती अडाणी असतात, म्हणून टाळ्या घेतल्या. पुढच्या आठवड्यात नागपूरकडच्या ट्रॅकवर ट्रकची शेवटची चाचणी झाली. वळणावर उलटला नाही, उडीनंतर चारही चाकांवर टेकला. गिऱ्हाईक खूश, मीही खूश.

अठराव्या दिवशी त्या गावची कामिनी, घरोघरी आरोग्याचं काम पाहणारी आशाताई, भावाला वरठी स्टेशनवर सोडायला आली आणि स्कूटीत हवा भरायला माझ्या दुकानात थांबली. मी हसत विचारलं, "काय म्हणतो तुमचा रथ?"

ती हसली नाही. "आमच्या गावची पोरगी गेली, भाऊ. सिकलसेलची होती. गोळ्या बंद केल्या. ताप आला, तीन दिवस हातपाय दुखते म्हणून ओरडत होती. महाराज म्हणे, बाहेरचं निघून राहिलं, दवाखान्यात नेऊ नका. मी दोनदा गेली, मले दारातूनच परत पाठवलं. नेलं तवा उशीर झाला होता."

"नाव काय तिचं?" मी विचारलं. नाव मला माहीत होतं.

गिऱ्हाइकाच्या हातापाया पडून मी ट्रक मागून आणला. एकविसाव्या दिवशी नव्या गावाच्या मैदानात महाराजाच्या एकवीस दिवसांच्या विधीची समाप्ती होती. कामिनीला सोबत घेऊन मी मधोमध जाऊन ट्रक ठेवला आणि दोरी ओढली. तीच गर्जना, तोच निळा धूर. काही बायांनी हात जोडले.

"हात जोडू नका, पाहा!" मी ओरडलो. "हा रिमोट माझ्या हातात आहे. या इंधनात एरंडेल असते, ते जळलं की गोड वास येतो. आता चाकं पाहा." मी ट्रक मातीच्या ढिगावरून उडवला. पलीकडे आठ फुटांवर तो टेकला. एका म्हाताऱ्यानं खाली बसून चाकोरीवर चार बोटं ठेवली आणि मान खाली घातली.

"मातामायनंच याले गाडी आणायची बुद्धी दिली!" महाराज म्हणाला.

"मंग पोरीले काहून नाही वाचवलं तिनं?" कामिनीनं विचारलं. महाराज चपला शोधू लागला. त्याच दुपारी कामिनीनं पोलिसांत तक्रार दिली.

मी इंजिन बंद केलं. शकुनबाई जवळ आली, ट्रकपाशी बसली.

"हेच उडवली होती तिनं?"

"हो."

"हसली होती का?"

"खूप हसली होती, बाई."

तिनं चाकाला लागलेली माती बोटानं पुसली. मग म्हणाली, "खोटं बोलते म्हणून घरी नेऊन मारलं मी तिले. तुमी नाही काहून म्हटलं, भाऊ?"

"गाडी ठेचतील म्हणून भ्यालो, अन् मजाही वाटत होती," मी सगळ्यांसमोर कबूल केलं.

त्या दिवशी लोकांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी त्याच्याभोवती फिरून पाहा, प्रश्न विचारा. औषध बंद करा असं कुणी म्हणालं, तर लेकराला उचला आणि दवाखाना गाठा. आणि खरं काय ते तुम्हाला माहीत असेल, तर तिथंच, त्याच वेळी बोला. त्या गर्दीत खरं माहीत असलेली दोनच माणसं होती. त्यातलं एक नऊ वर्षांचं होतं, आणि ते बोललं होतं.