दुसरी रेघ

“सापडलं, साहेब,” कारकून म्हणाला, पण कागद काही त्यानं पुढे केला नाही.

अध्यक्ष तेव्हा खुर्चीवर चढून भिंतीवरचा फोटो काढत होते. एकाहत्तराव्या वर्षी खुर्चीवर चढू नये हे त्यांनाही कळत होतं. पण शिपायाला दोनदा हाक मारूनही तो आला नव्हता, आणि तिसऱ्यांदा मारायची त्यांना लाज वाटली. उद्यापासून ही खोली वॉर्डातून निवडून आलेल्या नव्या बाईंची होती. शिपायाला उद्याची चाहूल आजच लागली होती, एवढंच.

लोक त्यांना अध्यक्ष म्हणत. जिल्हा परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं ते अवघी अडीच वर्षं, त्यालाही आता वीसेक वर्षं उलटली होती. त्याआधी ते नगरपालिकेत होते, त्यानंतर एकदा सपाटून पडले, पुन्हा नगरपालिकेत आले आणि तिथेच मुरले. चौतीस वर्षांत नऊ निवडणुका लढवून ही नववी ते एकशे बारा मतांनी हरले होते. पदं आली नि गेली, हाक तेवढी चिकटून राहिली.

“मग दे की,” ते खाली उतरत म्हणाले. “बाहेर ती तासाभरापासून बाकावर बसलीय.”

ती म्हणजे त्यांची धाकटी बहीण. गावाबाहेरच्या कालव्यावर जुना पायपूल होता. तो पाडून आता मोठा पूल होत होता. त्याला आपल्या नवऱ्याचं नाव द्यावं असा अर्ज तिनं केला होता. नवरा कोणी मोठा माणूस नव्हता. शाळेत शिपाई होता, तीस वर्षं घंटा वाजवली. एका धुक्याच्या सकाळी सायकल हातात धरून पायपुलावरून निघाला. पुलाला कठडा नव्हता. समोरून येणाऱ्या पोरांना वाट द्यायला बाजूला सरला, तो थेट कालव्यात. त्याच्या आधी तीन महिने बहिणीनं भावाकडे कठडा मागितला होता, आणि भावानं पत्र दिलं होतं. कचेरीतले लोक मात्र आता म्हणत होते, कठड्याची मागणी कधी आल्याची नोंदच नाही. म्हणून तिला ते पत्र हवं होतं.

तिनं भावाला कधी बोल लावला नाही. उलट वीस वर्षं ज्याला त्याला सांगत आली, “माझ्या भावानं लिहून दिलं होतं हो. त्या मेल्या इंजिनियरनं दाबून ठेवलं.”

कारकुनानं कागद टेबलावर ठेवला आणि तो उगाचच खिडकीची कडी लावायला गेला. अध्यक्षांनी चष्मा लावला. मजकूर त्यांचाच, बांधकाम विभागाच्या इंजिनियरला उद्देशून. कोपऱ्यात शेरा होता, ‘दप्तरी दाखल’. खाली त्यांची ऐसपैस सही. सहीखाली एक रेघ.

त्यांनी कागद उजेडाकडे धरला. मग चष्मा पुसून पुन्हा धरला. रेघ एकच होती.

आता ही रेघांची भानगड अशी. दारी आलेल्याला नाही म्हणणारा पुढारी दुसऱ्या निवडणुकीला दिसत नाही, हे अध्यक्षांना पहिल्याच वर्षी कळलं होतं. तेव्हा मागेल त्याला पत्र द्यायचं. पण सगळ्यांचीच कामं करायची म्हटली तर कुबेरही पुरा पडणार नाही. म्हणून त्यांनी साहेबलोकांशी ठरवून टाकलं होतं. सहीखाली एक रेघ असली तर पत्र वाचायचं नि ठेवून द्यायचं. दोन असल्या तर काम करायचं. कचेरीत तर एकरेघी काम, दोनरेघी काम असे शब्दच रूढ झाले होते. माणूस पत्र छातीशी धरून आशीर्वाद देत जायचा, आणि जिन्यापाशी पोचण्याआधीच त्याच्या कामाचा निकाल लागलेला असायचा. अध्यक्षांना यात कधी वावगं वाटलं नव्हतं. ते कुणाला नाही म्हणत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती आणि तिच्यावर ते सात वेळा निवडून आले होते.

“फोन आला असेल,” ते म्हणाले. “मधेच फोन आला की हात थांबतो.”

“असेल,” कारकून खिडकीकडे बघतच म्हणाला. सव्वीस वर्षं त्यानं यांची पत्रं टाइप केली होती.

“बहिणीच्या पत्राला मी एक रेघ मारीन? तूच सांग.”

कारकुनानं लावलेली कडी काढून पुन्हा लावली.

आणि मग त्यांना तो इंजिनियर आठवला. बारीक चणीचा, सदा खिशात रुमाल कोंबलेला. मेहुण्याला आणलं त्या दिवशी अंगणात शंभर माणसं जमली होती. तिथे अध्यक्षांनी त्याला सगळ्यांदेखत झाडला होता. “माझ्या बहिणीचं कुंकू पुसलंत तुम्ही!” असं काहीतरी बोलले होते. तो मान खाली घालून उभा राहिला. निघताना जवळ येऊन एवढंच म्हणाला, “साहेब, ते पत्र एकदा डोळ्यांखालून घाला.” अध्यक्षांनी पत्र पाहिलं नव्हतं. आठ दिवसांत त्याची बदली केली होती, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. लोक म्हणाले, अध्यक्ष कामचुकारांना सोडत नाहीत बरं का.

बोलला असता तर? शंभर माणसांत सांगितलं असतं तर? पण तो बोलला नाही, आणि चोर सोडून संन्याशाला सुळी दिलं गेलं.

त्यांनी खिशातलं पेन काढलं. शाई तीच, काळी. वीस वर्षांत त्यांनी बदलली नव्हती. टोपण उघडून निब सहीखाली नेलं. एक रेघ, बोटभर लांबीची. ओढायला क्षणही लागला नसता. बहिणीला रेघांतलं काही कळत नव्हतं, तेव्हा तिच्यासाठी ओढायची गरजच नव्हती. ज्याला कळत होतं तो इंजिनियर कधीच वारला होता. उरले कारकून आणि ते स्वतः. कागदावर शाईचा ठिपका पडेल इतका वेळ त्यांनी पेन तसंच धरलं, आणि मग टोपण लावलं.

“तिला आत बोलाव,” ते म्हणाले. “आणि तू जरा चहा घेऊन ये.”

बहीण आत आली. खोली रिकामी बघून तिचेच डोळे भरले. “दादा, एवढुशी होती होय रे ही खोली? सामान होतं तेव्हा केवढी वाटायची.”

“बस.” त्यांनी पत्र तिच्यापुढे सरकवलं. तिनं ते वाचलं नाही, नुसता तळवा ठेवला त्यावर.

“बघ! आता बोल म्हणावं, नोंद नाही म्हणून. मी म्हणतच होते, माझा दादा—”

“माई, थांब. आधी ऐक.”

त्यांनी सांगितलं. भाषणं करून करून जन्म गेला होता, पण हे चार वाक्यांतच संपलं. एका रेघेचा अर्थ सांगितला, दोन रेघांचा सांगितला, आणि सहीखाली बोट ठेवलं.

ती त्या बोटाकडे बघत म्हणाली, “माझ्या पोरीच्या शाळाप्रवेशाचं पत्र दिलं होतंस. त्याला किती होत्या?”

“दोन.”

“नळाच्या जोडणीला?”

“दोन.”

“आमच्या शेजारणीच्या भावाला नोकरीसाठी दिलं होतंस, माझ्या सांगण्यावरून.”

“दोन.”

“मग ह्यांच्याच वेळी एक का?”

फोनचं सांगावं असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. त्या वर्षी कठड्याचा पैसा दुसऱ्या मतदारगटाकडे वळवायचा होता, असंही सांगता आलं असतं. बहुतेक दर वर्षी वळवायचा असेच. पण खरं काय ते त्यांच्यापाशी नव्हतं. त्या दिवशी त्यांनी पंचवीस-तीस पत्रांवर सह्या केल्या असतील, आणि त्यातलं हे एक होतं.

“आठवत नाही गं,” ते म्हणाले.

“आठवत नाही?”

“खरंच आठवत नाही, माई.”

तिनं पदरानं डोळे टिपले नाहीत. डोळे कोरडेच होते. “रागानं मारली असतीस तरी चाललं असतं,” ती म्हणाली. “आपलं काही वाकडं आलं होतं, ह्यांच्याशी पटत नव्हतं... काहीतरी असायला हवं होतं रे. माझा माणूस गेला, आणि तुला आठवतसुद्धा नाही?”

अध्यक्षांचा चेहरा वेडावाकडा झाला. त्यांना रडायचं होतं, पण इतकी वर्षं लोकांसमोर आवरलेलं आता एकटीसमोर येईना.

नावाच्या अर्जाला सदस्याची शिफारस लागत होती, त्यासाठीची कोरी जागा तिच्या पिशवीतल्या अर्जावर होती. ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी घाईघाईनं पेन उघडलं. “आण तो अर्ज. आज संध्याकाळपर्यंत माझी सही चालते. मी स्वतः नेऊन देतो, वाटलं तर.”

तिनं पत्र नीट घडी घालून पिशवीत ठेवलं. अर्ज बाहेर काढला नाही.

“राहू दे, दादा. उद्या नव्या बाईंची घेईन.”

“अगं, त्या तुला ओळखतही नाहीत.”

“नसू देत. त्यांना अजून रेघा मारायला कुणी शिकवलं नसेल.”

हे ती टोचून बोलली नाही, आणि म्हणूनच त्यांना ते सोसवेना. दारात ती वळली. “गोळ्या वेळेवर घे. आणि खुर्चीबिर्चीवर चढू नकोस, शिपायाला सांग.” एवढं बोलून ती गेली.

कारकून दोन कप घेऊन आला तेव्हा अध्यक्ष दाराबाहेर उभे होते, हातात उघडं पेन तसंच. खाली जिना उतरणारी बहीण दिसत होती. दुपारची वेळ होती, लख्ख ऊन होतं, पायऱ्या रुंद आणि कोरड्या होत्या. तरी ती एकेका पायरीला थांबत, दोन्ही हातांनी कठडा धरून उतरत होती.