बंद कूलरची खोली

वैशाखातल्या दुपारी, जेव्हा भद्रावतीच्या आमच्या कॉलनीतल्या खिडक्याखिडक्यांतून कूलरचा घुमारा ओल्या वाळ्याच्या गंधासह पाझरत असतो, तेव्हा आमच्या घरातली एक खोली निःशब्द असायची. तिथे वनिता बसलेली असे. भिंतीला पाठ, दाराकडे तोंड, मांडीवर वनस्पतिशास्त्राचं पुस्तक आणि कपाळावर दवासारखा घाम.

वनिता माझ्या दिवंगत चुलत बहिणीची लेक. मुलचेऱ्याकडच्या एका खेड्यात काकाच्या घरी वाढलेली, चंद्रपूरच्या कॉलेजसाठी आमच्याकडे आलेली. गवतावरून सावली सरकावी तसं तिचं चालणं; भांडंसुद्धा ती जणू क्षमा मागून खाली ठेवी. डोळ्यांखाली दोन काळसर चंद्रकोरी कायम मुक्कामाला. घरी डोळ्याला डोळा नाही, वर्गात मात्र डुलक्या. नापास झाली तर काका परत न्यायला टपलेलाच होता, आणि त्याचं नाव निघालं की तिच्या हातातला घास हातातच राही.

मी स्वतःला घरातला थोर तंत्रज्ञ समजतो. कूलर बिघडला, असं निदान करून मी नवा वाळा बसवला, मोटरीला तेल दिलं, अंगठा सोलून घेतला. कूलर गजराजासारखा गर्जू लागला. माझी पाठ वळताच पुन्हा मुका.

"काऊन बंद करते वं पोरी?" शेवटी माझ्या बायकोने विचारलं.

वनिता ओढणीचं टोक पिळत राहिली. "मामी, कूलर चालू असला का पाय वाजलेले ऐकू येत नाई. काका झोपेतूनच ओढून मारत होता. पाय ऐकू आले, का मी आधीच उठून बसत होती."

मी ग्रीस लागलेले हात घेऊन दारात उभा होतो. थोर तंत्रज्ञाला त्या बिघाडाचा पाना ठाऊक नव्हता.

पण पुढच्या रविवारी मी जेवून आडवा झालो आणि नेहमीप्रमाणे, कोळशाचा भरलेला ट्रक चढ चढावा तसा घोरू लागलो, तेव्हा ती चटई घेऊन मामीशेजारी आली म्हणे.

"एवढ्या आवाजात झोपशील?"

"मामा घोरून राह्यले तोवर ते कुठी आहेत, समजते ना मले."

माझ्या घोरण्याला आयुष्यात लाभलेली ही एकमेव रसिक श्रोती. तिच्यासाठी मी रविवारांना शनिवारही जोडले, आणि बायकोने प्रथमच कोपराने ढोसलं नाही. परीक्षा तोंडावर आली तेव्हा त्या चंद्रकोरी फिकट होत चालल्या होत्या.

मग एका दुपारी मला आपोआप जाग आली. माझं घोरणं थांबलेलं, तरी घरात घुमारा होता. पलीकडच्या खोलीत कूलर चालू होता. वनिता दाराकडे पाठ करून, तोंड किंचित उघडं टाकून झोपली होती. तिला जाग येऊ नये म्हणून मी एक पाय उचललेला तसाच, पोट सुटलेल्या बगळ्यासारखा उभा राहिलो. बायको तोंडाला पदर लावून हसत होती. डोळे मात्र वाहत होते.

ती पास झाली. आता नागपूरला नोकरी करते. गेल्या रविवारी फोन लावला तर उचलला नाही. संध्याकाळी तिचाच आला, जांभईने भरलेला. "सॉरी मामा, झोपली होती."

तिच्या रिकाम्या खोलीत आता दुपारचा कवडसा निवांत पसरतो. काळ त्या जुन्या पावलांच्या आणि तिच्या मधे रोज थोडं रान वाढवत गेला असावा. ती पावलं अजून कुठेतरी वाजत असतीलही, पण आता ती वाजतात तेव्हा आमची पोर गाढ झोपलेली असते.