थोपटल्यावर सोडायचं असतं

पहिल्याच कुस्तीत ओस्मारचं नाक फुटलं. समोरचा गडी बोटींच्या इंजिनांचा मिस्त्री होता, रेड्यासारख्या मानेचा. पंचानं हात खाली केला न केला तोच त्यानं डोकं घालून मुसंडी मारली. ओस्मारच्या पांढऱ्या किमोनोवर रक्ताचा ओघळ आला आणि पत्र्याच्या त्या तापलेल्या हॉलमध्ये बसलेली माणसं खूश झाली. सकाळपासून लहान मुलांच्या कुस्त्या बघून त्यांना कंटाळा आला होता. ओस्मारनं त्या गड्याला खाली ओढलं, पायांत धरलं आणि त्याच्याच किमोनोच्या कॉलरनं त्याचा गळा आवळला. गडी आधी लाल झाला, मग जांभळा. शेवटी त्यानं ओस्मारच्या पाठीवर तळहातानं दोनदा थोपटलं. ओस्मारनं लगेच हात सोडले आणि उठून गड्याला हात दिला.

जिउ-जित्सूत एवढंच एक पाप-पुण्य आहे. गळा घोटा, सांधा पिरगाळा, बरगडीवर गुडघा रोवून बसा, कुणी काही म्हणत नाही. पण समोरच्यानं थोपटलं की सोडायचं. त्या दोन थापांच्या भरवशावर माणसं रोज संध्याकाळी आपली मान दुसऱ्याच्या हातात देतात.

"नाक पूस," गादीच्या कडेला बसलेला वस्ताद अमान्सियो म्हणाला. "आणि तव्याला हात लागल्यासारखा सोडत जाऊ नकोस."

"थोपटलं त्यानं, वस्ताद."

"सगळ्या हॉलनं ऐकलं. मी काय बहिरा आहे?"

अमान्सियो साठीचा, सुपारीसारखा कडक म्हातारा. दोन्ही कान चुरगळून वाळलेल्या भज्यांसारखे झालेले. नदीकाठच्या वस्तीत, मासळी बाजाराच्या मागं त्याची तालीम. तिथं पंखासुद्धा धड फिरत नसे. ओस्मार पोरवयात तिथं शिरला तो तिथलाच झाला. दिवसभर मोटरसायकलवरून गॅसच्या टाक्या पोचवायच्या आणि रात्री गादीवर हाडं मऊ करून घ्यायची, हा त्याचा संसार. कमरेचा तपकिरी पट्टा कडांना विरला होता. काळा पट्टा वस्तादाच्या मनात येईल तेव्हा मिळायचा, आणि वस्तादाच्या मनात तो वर्षानुवर्षं येत नव्हता. ओस्मारच्या मागून आलेली पोरं काळे पट्टे बांधून स्वतःच्या तालमी काढून बसली होती. लोक तोंडावर हसत नसत इतकंच.

आज मात्र वस्तादानं सकाळीच सांगून टाकलं होतं. सुवर्णपदक आण, पट्टा इथंच बांधतो, सगळ्या मानाउस शहरासमोर.

शेजारच्या गादीवर एवांद्रोनं आपला गडी अर्ध्या मिनिटात उलथा केला होता. हा एवांद्रो ओस्मारचा मेहुणा, धाकट्या बहिणीचा, जुसाराचा नवरा. बोटींच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. दोघं एकाच तालमीत वाढले, एकाच ताटात भाताबरोबर नदीतला मासा खाल्ला. गेल्या वर्षी मात्र एवांद्रो अमान्सियोची तालीम सोडून मॉलजवळच्या नव्या तालमीत गेला. तिथं एसी होता. मानाउसमध्ये माणूस बायको सोडू शकतो, चर्च बदलू शकतो, पण तालीम बदलली की तो खाल्ल्या मिठाला न जागणारा. एवांद्रो गादीवर आला की अमान्सियोची पोरं ओरडायची, "गद्दार! स्वेटर आणलास का रे, स्वेटर?"

एवांद्रो हसायचा. हसण्यावारी नेण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

उपांत्य कुस्तीत ओस्मारनं एका उंच पोलिसाचा घोटा धरला. पोलीस हट्टी निघाला, थोपटायला वेळ लावला, आणि ओल्या फांदीसारखा आवाज झाला. मग तो ओरडला. ओरडणंही थोपटण्यातच धरतात, त्यामुळे ओस्मारनं लगेच सोडलं. पोलिसाला दोघांनी उचलून नेलं. अमान्सियो पहिल्यांदाच हसला.

"आता कसं!" त्यानं ओस्मारचं मुंडकं जवळ ओढलं. "अंतिम कुस्ती त्या हरामखोराशी. हात घ्यायचा त्याचा."

"घेतो, वस्ताद."

"तो थोपटेल."

"थोपटलं की जिंकलोच."

"थोपटलं की तुला ऐकू आलं नाही," अमान्सियो शांतपणे म्हणाला. "हॉलमध्ये दंगा केवढा आहे. कुणालाही ऐकू येणार नाही. पट्टा आणलाय मी. तुझं नाव शिवून घेतलंय त्यावर."

ओस्मारनं नाही म्हणायला हवं होतं, तिथंच, तोंडावर. पण नाव शिवलंय हे ऐकल्यावर त्याच्या छातीत असं काही हललं की शब्द फुटेना. माणसाला एखादी गोष्ट फार वर्षं मिळाली नाही की तो तिच्यासाठी काय ऐकून घेईल याचा नेम नसतो. ओस्मार काही वाईट माणूस नव्हता. भुकेला होता.

कुस्तीआधी जुसारा वरच्या बाकांवरून खाली आली. हातात बर्फ गुंडाळलेलं फडकं. तिनं ते भावाच्या नाकावर दाबलं.

"दादा, काय म्हणाला म्हातारा?"

"नाक पूस म्हणाला."

"त्यासाठी एवढा वेळ कानात तोंड घालून बसला होता होय?" तिनं फडकं आणखी जोरात दाबलं. "हरव त्याला. खुशाल हरव, मी घरी चिडवीन त्याला महिनाभर. पण हात सांभाळ त्याचा. त्या हातावर घर चालतंय."

"मी कुणाच्या थापेनंतर एक क्षण तरी धरून ठेवलंय का आजवर?"

"तू नाही ठेवलंस," जुसारा म्हणाली, आणि पुढं काहीतरी बोलायचं होतं ते गिळून वर जाऊन बसली.

अंतिम कुस्ती सुरू झाली तेव्हा हॉलमध्ये तीळ ठेवायला जागा नव्हती. दोघांनी हात मिळवले.

"काय मेहुण्या, नाकाचा टोमॅटो केलाय की," एवांद्रो म्हणाला.

"तुझा नंबर आता."

मग बोलणं संपलं. एवांद्रोनं कॉलर पकडता पकडता तळहात ओस्मारच्या फुटक्या नाकावरून घासत नेला, मुद्दामच. ओस्मारच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. त्यानं एवांद्रोला कमरेत धरून उचललं आणि आपटलं. एवांद्रोचं डोकं गादीवर आदळलं. एवांद्रोनं खालून टाच मारली, ओस्मारच्या ओठाचा दातांवर चेंदा झाला. दोघांनाही एकमेकांचे डाव तोंडपाठ. एकाच माणसानं शिकवलेले. कुठं दुखतं तेही ठाऊक. ओस्मारनं त्याच्या जुन्या मोडलेल्या बरगडीवर गुडघा रोवला आणि सगळं वजन टाकलं. एवांद्रो गुरासारखा हंबरला. त्यानं अंगठा ओस्मारच्या जबड्याच्या सांध्यात खुपसला. रक्त, घाम, लाळ सगळं एक झालं. गादी निसरडी झाली. ओस्मारला त्या क्षणी मेहुणा दिसत नव्हता, बहीण दिसत नव्हती. मारायला मजा येत होती, आणि ते त्याला कळतही होतं.

"हात! हात घे!" अमान्सियो किंचाळत होता.

एवांद्रोनं ढकलायला उजवा हात लांबवला. एवढंच पुरेसं होतं. ओस्मार त्या हाताभोवती फिरला, एक पाय छातीवर, एक तोंडावर, आणि मागं पडला. एवांद्रोनं दोन्ही हातांची कैची घातली. ओस्मारनं ती झटक्या-झटक्यानं उकलली, आणि हात सरळ झाला. कोपर ओस्मारच्या मांड्यांमध्ये, मनगट त्याच्या छातीशी. आता फक्त कंबर उचलायची.

त्यानं थोडी उचलली. एवांद्रोचा श्वास अडकला, पण तो थोपटेना.

आणखी थोडी. स्नायू दोरासारखे ताणले गेलेले ओस्मारला आपल्या छातीवर जाणवले. तरी थाप नाही. वर पोरं "मोड! मोड!" ओरडत होती.

"थोपट रे," ओस्मार दातांमधून म्हणाला. "थोपट ना गाढवा!"

"काय उपयोग?" त्याच्या पोटरीखालून घुसमटलेला आवाज आला. "म्हाताऱ्यानं ऐकू नको म्हणून सांगितलंय ना तुला? मलाही सांगितलं होतं. त्या सुताराच्या पोराशी कुस्ती होती तेव्हा. पोरगा थोपटत राहिला, मी ऐकलं नाही. खांदा गेला त्याचा." एवांद्रोनं कसाबसा श्वास घेतला. "म्हणून सोडली तालीम. एसीसाठी नाही. मोड, काय मोडायचं ते."

ओस्मारची कंबर हवेतच राहिली. वर्षभर तो स्वतःही मेहुण्याला गद्दार म्हणत आला होता, नाताळाच्या जेवणातसुद्धा. त्यानं मान वळवली. अमान्सियो उभा राहून मुठी पिळत होता, जणू काही तो हात त्याच्याच मुठीत होता. पंच दुसऱ्या बाजूनं वाकून बघत होता, थाप पडायची वाट पाहत. सोडून दिला असता तर कुस्ती पुन्हा चालू झाली असती, पुन्हा हात आला असता, पुन्हा तेच. ओस्मारला या सगळ्याचा शेवट करायचा होता. मिळणारा पट्टा त्याच्या डोळ्यांपुढं आला, आणि त्यानं तो जाऊ दिला. फार वाईट वाटलं त्याला. रडूच येणार होतं.

त्यानं पकड सोडली आणि एवांद्रोच्या छातीवर तळहातानं दोनदा थोपटलं. खणखणीत.

पंच चक्रावला. जिंकणारा माणूस थोपटून हार पत्करतो हे त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. हात उचलावा की नाही या विचारात तो पापणी लवेपर्यंत थबकला, आणि तेवढ्यात एवांद्रो उसळला. पकड ढिली झालेली त्याच्या अंगाला कळली होती. ओस्मारचा थोपटलेला हात अजून पुढंच होता. एवांद्रोनं तोच धरला, पाय टाकला आणि अंगाचं सगळं ओझं घेऊन मागं झोकून दिलं.

ओस्मारनं डाव्या हातानं थोपटलं. एवांद्रोच्या मांडीवर थोपटलं, गादीवर थोपटलं. मग कोपर उलटं गेलं. तो आवाज वरच्या बाकांपर्यंत पोचला.

पंचानं एवांद्रोला मानगुटीला धरून ओढून काढलं. ओस्मार पडून राहिला. हात भलत्याच बाजूला वळलेला, बघवत नव्हता. दुखत नव्हतं अजून. आपण किती मूर्ख, एवढंच त्याला वाटत होतं. हा माणूस स्वतः तोंडानं सांगत होता की मी थाप ऐकत नाही, आणि आपण त्यालाच थाप दिली.

अमान्सियो गादीवर आला. ओस्मारला ओलांडून तो एवांद्रोकडे गेला आणि त्याचे गाल दोन्ही हातांत धरले.

"पाहिलंत?" तो बाकांकडे वळून ओरडला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "कुठंही जाऊ दे, माझंच पोरगं आहे हे!"

एवांद्रोनं त्याला ढकलून दिलं. तो गुडघ्यांवर रांगत ओस्मारपाशी आला. तोंड पांढरंफटक. तोवर जुसाराही धावत पोचली होती, भावाचं डोकं मांडीवर घेत होती.

"ऐकलं नाहीस ना?" तिनं नवऱ्याला विचारलं. "पंचालाही कळलं नाही. दंगाच एवढा होता. ऐकूच आलं नसेल तुला." ती जवळजवळ विनवत होती.

एवांद्रोनं ओस्मारकडे पाहिलं. खोटं बोलायला वाट मोकळी होती, आणि ती वाट त्याच्या बायकोनंच करून दिली होती.

"कळलं होतं," तो म्हणाला. "पहिलीच थाप कळली होती, मेहुण्या. हात थांबलेच नाहीत."

जुसारानं नवऱ्याच्या पिशवीतून गाडीची किल्ली काढून घेतली, भावाला डाव्या खांद्याखाली धरून उभं केलं आणि दवाखान्याकडे निघाली. एवांद्रो उठून मागं येऊ लागला, तेव्हा तिनं वळून न पाहता तळहात दाखवून त्याला तिथंच थांबवलं.