रकाना सात

बाबा गेल्यानंतर एकविसाव्या दिवशी त्यांच्या नावे नौदलाच्या अभिलेख कार्यालयाचं पत्र आलं. अर्ज अपूर्ण आहे, असं त्यात म्हटलं होतं. रकाना सात, सेवा क्रमांक, कोरा आहे. महिनाअखेरपर्यंत तो न भरल्यास संबंधित नाविकाचं नाव स्मारकाच्या भिंतीवर कोरता येणार नाही. कळावे.

बाबांनी पाणीपुरवठा खात्यात छत्तीस वर्षं आवक-जावक सांभाळली. बोलण्यापेक्षा लिहिलेल्यावर त्यांचा विश्वास. आई स्वयंपाकघरात असली तरी ते तिच्यासाठी टेबलावर चिठ्ठी ठेवायचे, आणि आई त्याच चिठ्ठीच्या मागे उत्तर लिहून ती परत सरकवायची. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच्या वडिलांना शोधायला घेतलं. अकरा वर्षांत सहा कार्यालयांना एकशे चौदा पत्रं. सगळ्यांच्या प्रती, तारखेवार.

शोधायचं म्हणजे फार काही नव्हतं. आजोबा युद्धाच्या काळात नौदलात गेले तेव्हा बाबा दोन वर्षांचे होते आणि आत्या नऊ वर्षांची. पुढच्या वर्षी आजोबांची बोट बुडाली. वर्तमानपत्रात मृतांची यादी आली, तीत बोटीच्या नावाखाली आजोबांचं नाव होतं. आजीने ते कात्रण जपून ठेवलं. सरकारी पत्र मात्र कधीच आलं नाही. बाबांच्या मते ही जावक विभागाची चूक होती. "पत्र निघालं असणार," ते म्हणायचे. "पोचलं नाही."

बोट बुडाली ती तारीख ते पाळायचे. त्या दिवशी रजा टाकायचे, दाढी करून इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि खुर्चीत बसून राहायचे. करायचे काहीच नाहीत. संध्याकाळी शर्ट बदलायचे. शेवटच्या वर्षी त्या शर्टाची बटणं मी लावून दिली. तेव्हा ते म्हणाले, "भिंतीवर नाव लागलं की एकदा जाऊन बघून यायचं. मग संपलं." त्यांनी माझ्याकडे एवढंच मागितलं, आणि तेही तोंडी. त्यामुळे प्रकरण गंभीर आहे हे मला कळलं.

अभिलेख कार्यालयात पिशवी कपाटात ठेवावी लागते. पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. वाचनकक्षातल्या अभिलेखपालाने स्वेटर घातला होता आणि त्याच्या कोपरांना ठिगळं होती. त्याने बाबांचा अर्ज वाचला, आत गेला, आणि पाऊण तासाने दोन्ही हातांनी एक हजेरीपट घेऊन आला.

"दोन आहेत," तो म्हणाला.

"काय दोन?"

"तुमचे आजोबा. नाव एक, बोट एक, भरतीचं साल एक. हजेरीपटात पहिला आणि दुसरा असं लिहून वेगळे केलेत. पहिला बॉयलरवर होता, तो बोटीबरोबर गेला. दुसरा डेकवर होता. बोट बुडायच्या सहा दिवस आधी तो बंदरातून पळाला."

"पळाला?"

"न विचारता गेला. यातला तुमचा कुठला?"

"गेलेला."

"मॅडम, गेले दोघंही."

मी कात्रण दाखवलं. त्यात पहिला-दुसरा काही नव्हतं. घरचा पत्ता, बायको, मुलं हे सगळं वैयक्तिक फायलीत असतं, असं त्याने सांगितलं, आणि ती फाइल सेवा क्रमांकाशिवाय निघत नाही.

"क्रमांक तुमच्यासमोरच असेल ना, हजेरीपटात?"

"दिसतोय. दोन्ही दिसतायत. पण मी सांगायचे नाहीत. तुम्ही सांगायचा, मी हो किंवा नाही म्हणायचं." मग त्याला बहुधा माझी दया आली. "घरी त्यांचा एखादा कपडा आहे का बघा. प्रत्येक कपड्यावर क्रमांक असायचा. चड्डीवरसुद्धा."

आत्या आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहते. वय शहात्तर, अजून शिवणकाम करते. अकरा वर्षांत बाबांनी या विषयावर तिला एकही पत्र पाठवलं नव्हतं. म्हणजे विचारलंच नव्हतं.

"आत्या, आजोबांचा एखादा कपडा आहे का गं?"

"होता. तुझ्या बापाने फाडला."

"कधी?"

"तिसरीत असताना. अण्णा शेवटचे सुट्टीवर आले होते तेव्हा एक पँट ठेवून गेले होते, गुडघ्यावर उसवली म्हणून. तिची मी याला शाळेची चड्डी करून दिली. असलं जाड कापड, वाघाने ओढलं असतं तरी फाटलं नसतं. याने फाडलं."

"तिच्यावर नंबर होता?"

"होता की. कमरेला, आतून. खेळताना एकदा पोरांनी बघितला आणि याला कैदी म्हणायला लागली. रडत घरी आला. मग मी तेवढी पट्टी काढून टाकली."

"टाकलीस?"

तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "काढून टाकली म्हणजे काढली. चांगलं कापड टाकतात होय?"

तिने मशीनशेजारची टाचण्यांची उशी उचलली आणि उलटी केली. वरचं कापड कितीतरी वेळा बदललेलं होतं. खालची बाजू मूळची, गडद निळी, आणि तिच्यावर एकेकाळी पांढऱ्या असलेल्या रंगात पाच आकडे. ही उशी मी जन्मापासून बघत आले आहे. तिच्यातली टाचणी माझ्या पायातही गेली आहे.

"बाबांना हे माहीत होतं?"

"त्याच्यासमोरच शिवली."

"मग तू कधी सांगितलं का नाहीस?"

"मला काय ठाऊक त्याला नंबर हवाय ते? त्याने माझ्याकडे कुठे अर्ज केला होता?" तिने उशी परत जागेवर ठेवली. "लहान भाऊ होता म्हणून बोलले नाही कधी. पण तोंड दिलं होतं देवाने त्याला. तुलाही दिलंय. तूही पहिल्यांदाच विचारतेयस."

हे खरं होतं. उशी तिने नेऊ दिली नाही, गिऱ्हाईकाचा फ्रॉक उद्या द्यायचा होता. मी फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी मी अभिलेखपालाला उशीची गोष्ट सांगितली आणि फोटोतले पाच आकडे वाचून दाखवले. त्याने हजेरीपटावर बोट ठेवलं.

"हो," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "दुसरा."

क्रमांक जुळल्यामुळे आता फाइल निघाली. पातळ होती. पहिल्याच पानावर बायको म्हणून माझ्या आजीचं नाव होतं, खाली एक मुलगी, एक मुलगा. उंची पाच फूट चार. उजव्या भुवईवर व्रण. वर्तणूक समाधानकारक, ती सुद्धा पळून जाईपर्यंत. एकेचाळीस दिवसांनी ते दुसऱ्या एका बंदरात, खानावळीत भांडी घासताना सापडले. नव्वद दिवस कैद. मग किनाऱ्यावरच्या कार्यशाळेत काम, आणि युद्ध संपल्यावर सेवेतून मोकळे. जातानाचा पत्ता म्हणून एका गावाचं नाव होतं. ते गाव आमच्या घरापासून बसने दोन तासांवर आहे.

त्यानंतरचं पान नव्हतं.

बाबा हे ऐकायला नाहीत ते बरंच झालं, असं माझ्या मनात आलं. ते गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या नसण्याचा काही उपयोग वाटला होता. मला स्वतःचीच लाज वाटली.

अभिलेखपाल खिडकीकडे बघत म्हणाला, "अर्जात रकाना सात अजून कोराच आहे. तुम्ही जो भराल तो मी वाचणार. उशी काही मी पाहिलेली नाही."

मला समजायला वेळ लागला. पहिल्याचा क्रमांक हजेरीपटात उघडा होता, आणि हजेरीपट त्याने माझ्या बाजूला वळवून ठेवला होता. पाच आकडे लिहायचे, की बाबांचं काम झालं. बाबांचे वडील शहीद, नाव भिंतीवर. पेन्सिल माझ्या हातात होती.

"पहिल्यासाठी कोणी अर्ज केलाय?" मी विचारलं.

"नाही. त्याला फक्त आई होती. पत्र तिलाच गेलं, पोचल्याची सही आहे. पुढे कोणी नाही."

"मग त्याचं नाव लागणार नाही?"

"अर्ज आल्याशिवाय कसं लागेल?"

मी त्याच्याकडून एक नवा, कोरा अर्ज मागून घेतला. क्रमांक भरला, पहिल्याचा. अर्जदार म्हणून स्वतःचं नाव लिहिलं. 'मृताशी नातं' या रकान्यापाशी अडले.

"नातं नाही," मी म्हणाले.

"नाही असं चालत नाही. काहीतरी लिहावं लागतं."

अर्ज घेऊन मी आत्याकडे गेले. तिला सगळं सांगितलं, पळून जाण्यापासून त्या गावापर्यंत. तिने मशीन थांबवलं नाही. शिवण संपल्यावर दोरा तोडला.

"दोन माणसं आली होती घरी," ती म्हणाली. "यादी आल्यावर चारपाच दिवसांनी. अण्णा कुठे आहेत म्हणून विचारत होती. आईने कात्रण दाखवलं. त्यांनी टोप्या काढल्या, बाई माफ करा म्हणाले आणि गेले. मला वाटलं, केवढी चांगली माणसं." तिने फ्रॉक उलटा केला. "पकडायलाच आले असणार ते."

"असणार."

"कुठलं गाव म्हणालीस?"

मी परत सांगितलं.

"तिथे मी गेलेय. दाढ काढायला." तिने फ्रॉकची शिवण नखाने दाबून सपाट केली. मग म्हणाली, "दिवसभर होते मी तिथे. गाल सुजला होता म्हणून एका दुकानाच्या पायरीवर बसून होते."

मी विचारलं, "दुखली का फार?"

"दाढ ना? नाही." तिने अर्ज ओढून घेतला आणि चष्मा पुसून वाचला. "हा कोण?"

"पहिला. बोटीबरोबर गेला तो."

"म्हणजे तुझा बाप दरवर्षी शर्ट घालून बसायचा तो याच्यासाठी."

"हो."

"आणि आई रडायची ती पण याच्यासाठी."

"तसंच म्हणायचं."

"मग अडलंय कुठे? लिही, ओळखीचे."

"आत्या, त्या रकान्यात नातं लिहायचंय."

"मग? ज्याच्याशी नातं होतं तो दोन तासांवर होता, आला नाही. हा तरी ओळखीचा आहे."

मी लिहिलं. पेनने, कारण आत्याकडे पेन्सिल फक्त कापडावर खुणा करायची होती.

अभिलेखपालाने अर्ज उभाच वाचला. "ओळखीचे," तो म्हणाला. "पुरावा?"

मी बाबांची फाइल पुढे केली. बोट कुठे बांधली, बॉयलर किती, पाणी कुठून शिरलं, किती मिनिटांत बुडाली, वाचलेल्यांनी काय सांगितलं. अकरा वर्षं बाबांनी जमवलेला शब्दन् शब्द पहिल्याचा होता. दुसरा तेव्हा खानावळीत होता. अभिलेखपाल पानं उलटत गेला. मधे एकदा त्याने खुर्ची ओढून घेतली. मग त्याने माझ्या अर्जावर शिक्का मारला आणि पोच दिली. आवक क्रमांक स्पष्ट उठला होता.

"नाव पुढच्या वर्षी लागेल," तो म्हणाला. "कळवतो." मग त्याने बाबांचा जुना अर्ज ट्रेमधून काढला. रकाना सात तसाच होता. बाकीच्या रकान्यांत बाबांचं अक्षर, प्रत्येक ओळ पट्टीवर लिहिल्यासारखी. वारसाच्या रकान्यात 'मुलगा', आणि त्याखाली सही. "याचं आता काही काम नाही. अर्जदार मयत म्हणून बंद करू?"

"करावाच लागतो का?"

"तीस तारखेला मुदत संपली की आपोआप बंद होतो. तोपर्यंत प्रलंबित दाखवतो."

"आज किती तारीख?"

"तेवीस."

"मग राहू दे प्रलंबित," मी म्हणाले.

त्याने अर्ज परत ट्रेमध्ये ठेवला, सगळ्यात वर.