दोरीच्या टोकाला

कमलाकररावांच्या घरात कुणालाच पोहता येत नव्हतं, कारण त्यांनी कुणाला शिकूच दिलं नव्हतं. त्यांचा धाकटा भाऊ माढ्याच्या विहिरीत बुडाला, तेव्हा काठावर तेच उभे होते. पुढे लग्न झालं, जुळे सोलापूर या वस्तीत फ्लॅट झाला, लेक नोकरीला लागली. पण बायकोच्या, दुर्गाबाईंच्या, वाट्याला पाणी आलं ते नळाचं, दिवसाआड पिंपात भरून ठेवायचं, तेवढंच.

लेकीच्या, ज्ञानदाच्या, हट्टापायी ते मालवणला प्रवाळ बघायला आले. अट एकच: होडीतून उतरायचं नाही.

पण होडीतून वाकून काहीच दिसेना. लाइफ जॅकेट आवळून तिघं उन्हात फळीवर बसलेली. शेजारच्या होडीतल्या बायका पाण्यात उतरून हसत होत्या. दुर्गाबाईंचा जीव घुसमटायला लागला.

"मी उतरते," त्या म्हणाल्या.

"येड लागलंय का? बस की गप," कमलाकरराव म्हणाले.

"जॅकेट आहे, ट्यूब आहे, धरायला हे होडीवाले आहेत."

होडीवाल्यानं रबरी ट्यूब पाण्यात सोडली. कमलाकररावांनी तिची दोरी स्वतःच्या मनगटाला गुंडाळली. दुर्गाबाई ट्यूब धरून पाण्यात उतरल्या.

मास्क चढला तसं नाक बंद झालं. तोंडातल्या नळीतून श्वास येईना. दुर्गाबाई धडपडत वर आल्या, खोकल्या.

"झालं? ये आता वर!" कमलाकरराव ओरडले.

"काकी, तोंडान श्वास घ्या, सावकाश," होडीवाला शेजारी तरंगत म्हणाला.

दुसऱ्यांदा त्यांनी डोकं बुडवलं. खाली नुसती वाळू होती. थोडं पुढे खडकाची काळसर कडा, तिच्यावर काहीतरी पिवळं हलत होतं. त्या तिकडे सरकल्या आणि दोरीला ताण बसला.

"काका, सैल सोडा!" होडीवाला ओरडला.

"एवढं बास झालं."

"बाबा, सोडा ना!" ज्ञानदा रडकुंडीला आली.

दोरीला उलट हिसका बसला. दुर्गाबाईंनी वळून पाहिलं. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो हट्ट नव्हता, भीती होती. ती भीती ठाऊक होती म्हणूनच आजवर त्या कधी भांडल्या नव्हत्या. भांडता आलंच नव्हतं.

त्यांनी होडीवाल्याचा हात धरला आणि ट्यूब सोडून दिली.

कडेपलीकडे ज्वारीच्या भरल्या कणसांसारखे, दाण्यादाण्यांचे प्रवाळ पसरले होते. पट्ट्यापट्ट्यांचे मासे त्यांच्या हातावरून गेले. त्यांना भीती वाटतच होती, तरी बघवत होतं तोवर त्या बघत राहिल्या.

परतल्या तेव्हा कमलाकरराव रिकामी ट्यूब मांडीवर घेऊन बसले होते. सोलापूर येईपर्यंत ते बायकोशी एक शब्द बोलले नाहीत.

घरी आल्यावर मात्र लिफ्टमध्ये, फोनवर, भेटेल त्याला सांगत सुटले, "हिचा हात सुटला ट्यूबवरनं. नशीब म्हणून वाचली." प्रत्येक वेळी दुर्गाबाई नुसत्या ऐकायच्या. आपलं बघणं कुणी गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकावं, तसं त्यांना व्हायचं.

रविवारी शेजारच्या काशम्मा चहाला आल्या. पुन्हा तीच गोष्ट सुरू झाली.

"अय्यो! सुटलाच कसा हात?"

"सुटला नाही," दुर्गाबाई म्हणाल्या. "मी सोडला."

कमलाकररावांनी कप खाली ठेवला. "मला वाटलं, तूही गेलीस."

"माहीत होतं मला. तरी सोडला."

काशम्मांना कुठं बघावं कळेना. "खाली होतं तरी काय?" त्यांनी विचारलं.

दुर्गाबाई खुर्ची ओढून बसल्या आणि सांगू लागल्या. कमलाकररावांनी काहीच विचारलं नाही. पण ते उठूनही गेले नाहीत.