जेवताना फोन डब्यात

कोण बोलतंय म्हणून इकडेतिकडे पाहू नका. ताटाशेजारी बघा. मी पत्र्याचा डबा बोलतोय.

माझा जन्म बिस्किटांसाठी झाला, पण बिस्किटं या घरात दोन दिवसही टिकली नाहीत. मग शिंपीदादांनी माझ्यात बटणं भरली. शिंपीदादा म्हणजे या घरचे मालक. पुढच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन, मागच्या खोलीत संसार. त्यांची लेक रांगत होती तेव्हा मला खुळखुळ्यासारखी वाजवायची. आई नसलेलं पोर ते, माझ्या आवाजावर रडायचं थांबायचं. ते दिवस माझे सुखाचे होते.

पुढे ती मोठी झाली, तिच्या हातात फोन आला आणि जेवणाच्या वेळी ठिणग्या उडू लागल्या. उजव्या हातात घास, डाव्या हातात फोन.

"अगं, मी समोर बसलोय. मी काय खांब आहे?"

"बाबा, माझ्या मैत्रिणी आहेत यात. तुमच्याशी काय बोलू? काज नीट आलं का, हेच ना?"

तरी मधूनच ती फोन त्यांच्यापुढे धरून "हे मांजर बघा ना!" म्हणायची. दादा मान फिरवायचे.

एके दिवशी त्यांनी माझी बटणं बरणीत ओतली, मला दोन ताटांच्या मध्ये आणून ठेवलं आणि हुकूम सोडला, "जेवताना फोन डब्यात. माझासुद्धा." मला वाटलं, आता दोघं पोटभर बोलतील. कसलं काय! तिने तोंडाला कुलूपच लावलं. खाली मान घालून चार घास गिळायची, "झालं माझं" म्हणायची आणि फोन काढून घेऊन आत जायची. दादा उरलेलं जेवण माझ्याकडे बघत संपवायचे. हट्टाला बापलेक सारखेच.

मग तिला दूरच्या शहरात नर्सची नोकरी लागली. दादा आता एकटेच जेवतात, तरी फोन माझ्यात टाकतातच. आणि तो नेमका तेव्हाच वाजायचा. तिला तेवढीच सुटी मिळते, आणि त्या वेळी बाबा मशीन बंद करून बसलेले असतात हे तिला ठाऊक. माझं अंगन् अंग थरथरायचं. दादांचा घास हातात राहायचा, पण हात पुढे यायचा नाही. आपलाच नियम मोडून फोन घेतला तर पोरगी खरी ठरेल ना! जेवण उरकून, हात धुऊन ते उलट फोन लावायचे, तोवर ती वॉर्डात गेलेली असायची.

मागच्या आठवड्यात मात्र त्यांना राहवलं नाही. डाव्या हाताने झाकण काढून त्यांनी फोन कानाला लावला.

"अय्या बाबा, उचललात!"

घर खायला उठतं, एवढं दादा म्हणाले असते तरी पुरे होतं.

"जेवलीस का?"

"जेवतेच आहे. म्हटलं, तुमच्याबरोबर जेवावं."

"जेवताना फोन कशाला? ठेव बघू खाली," दादा बोलून गेले. सवयीने हो, मुद्दाम नाही. मी शेजारीच होतो.

मग "बरं," म्हणून तिने फोन ठेवला.

तेव्हापासून जेवताना तो वाजलेला नाही. दादा आता मला झाकणही लावत नाहीत. एक घास खातात आणि माझ्यात डोकावतात. मला फार एकटं वाटतं, आणि त्यांना किती वाटत असेल ते मला दिसतं.

आत्ताही ताट तसंच पुढ्यात आहे. दादा, ती आत्ता जेवायला बसली असेल. आज तुम्हीच लावा की फोन.